उरलेल्या गोळ्या

पडद्याच्या दांडीवरची एक कडी निसटली होती. बाकीच्या कड्यांवर पडदा नीट लटकत होता; तेवढ्या एका ठिकाणी कापड खाली झुकलं होतं आणि वर हाताच्या पंजाएवढी फट उरली होती. तपासणीच्या टेबलावर आडवं पडलं की त्या फटीतून बाहेरचं बाकडं दिसायचं. बाकड्यावर सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. या टेबलावर पडण्याची माझी ही तिसरी वेळ. बाकड्यावर तिन्ही वेळा त्याच होत्या. नवरा एकदाही नव्हता.

"पुन्हा तुम्हीच?" सिस्टर म्हणाली. हातमोजे काढून तिने पायाने उघडायच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. "मागच्या गोळ्या संपवल्या होत्या ना?"

"शेवटपर्यंत."

"आणि त्यांनी?"

"त्यांनीही. म्हणाले, संपवल्या."

"म्हणाले!" सिस्टरचं कुजबुजणं म्हणजे दुसऱ्या कुणाचं बोलणं. मी फटीकडे बघितलं. सासूबाईंनी पिशवीचा बंद आवळला. "आमचे हेही म्हणतात, सिगारेट सोडली. शर्ट मला येऊन सांगतो काय सोडलं ते. तुम्ही बघितलंत का घेताना?"

"नाही. घरात औषधं आई देतात. सगळ्यांची."

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी ओटीपोटावर बोटं दाबली, उजवीकडे, मग डावीकडे. डावीकडे माझ्या तोंडून आवाज निघाला.

"औषधानं हा जंतू जातो," त्या म्हणाल्या. "तुमच्यातला गेला असणार. ज्याच्यातला गेला नाही, त्याच्याकडून परत आला."

"पण त्यांना काहीच त्रास नाही."

"पुरुषांना बरेचदा नसतो. जंतू असतो, त्रास नसतो. त्रास तुमच्या वाट्याला." त्यांनी हात धुतले. "गर्भनळीला सूज आहे. सूज उतरेल. व्रण राहतो. दर वेळी थोडा वाढतो. नळी बुजली की दिवस राहणं अवघड, आणि राहिलेच तर नळीतच राहायची भीती."

"अजून उघडी आहे?"

"आज मी बंद आहे असं म्हणणार नाही. पुढच्या वेळी काय म्हणेन, ते मला सांगता येत नाही."

या बाईंचं मला हेच आवडायचं. जेवढं माहीत तेवढंच बोलायच्या. त्या दिवशी मात्र मला ते आवडलं नाही.

इंजेक्शन दिल्यावर सिस्टरने दोन पुड्या बांधल्या. एक माझी, मोठी. एक त्याची. "या वेळी त्यांनी स्वतः यायचं, लघवी तपासायला. नाहीच आले तर ही पुडी. तुमच्या डोळ्यांदेखत घ्यायची, बरं वाटलं तरी सोडायची नाही. दोघांचं औषध संपेपर्यंत जवळ यायचं नाही. तीन महिन्यांनी दोघांची परत तपासणी."

"नाही ऐकलं तर?"

"निरोध."

"तेही नाही ऐकलं तर?"

सिस्टरने पुड्या माझ्या हातात दिल्या. "बाई, मी घागर भरून देणारी. फुटकी असेल तर मी किती ओतू?"

बाहेर आल्यावर सासूबाईंनी माझ्या हातातल्या पुड्या बघितल्या आणि हात पुढे केला. त्यात हुकूम नव्हता, सवय होती. सासरे गेले ते औषधांच्या घोळात. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली, विसरले, परत घेतली, पुन्हा विसरले. त्यानंतर सासूबाईंनी घरातल्या सगळ्या गोळ्या एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गोळा केल्या आणि डबा आपल्या कपाटात ठेवला. डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा त्यांच्या हातून घ्यायची. लग्न होऊन आले तेव्हा मला ते मायेचं वाटलं होतं. मायाच होती ती. तेच तर.

"मी आणते संध्याकाळी," मी म्हणाले आणि पुड्या पर्समध्ये टाकल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात रिकामा परत गेला.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"परत तेच."

"तुझ्या अंगात उष्णताच फार," त्या म्हणाल्या. "मला तेव्हाच वाटलं होतं. म्हणून पाळणा हलत नाही आपल्याकडे."

मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं आणि कामावर गेले.

आमच्या कारखान्यात चष्म्याच्या काचा फ्रेमच्या मापाने घासतात. माझं काम शेवटचं: घासून आलेली काच पुसायची, दिव्यासमोर तिरकी धरायची आणि ओरखडा आहे का बघायचं. शेजारच्या खुर्चीवर भिंगबाई. तिला कारखान्यात सगळे हेच म्हणतात, कारण काचेतलं काय नि माणसातलं काय, तिच्या नजरेतून सुटत नाही. पन्नाशीची, नवऱ्याला सोडून एकटी राहणारी, आणि त्या विषयावर सर्वांत जास्त विनोद स्वतःच करणारी.

"आलीस? तोंड असं का, ओरखडा आलेल्या काचेसारखं?"

"परत झालंय."

तिने हातातली काच खाली ठेवली. तिला माहीत होतं. पहिल्या वेळीच मी तिला सांगितलं होतं, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय काचेवरचा ओरखडा मला दिसत नव्हता.

"आणि तो काय म्हणतो?"

"त्याला अजून सांगायचंय. तो म्हणेल, मला काही होत नाही."

"हो ना. त्याला काही होत नाही. जे व्हायचं ते तुला." तिने काचेवर फुंकर मारली. "ताईची खोली रिकामी आहे ना अजून?"

"आहे."

"मग?"

माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने मागच्या वेळीच सांगितलं होतं, बोचकं उचल आणि ये. मी म्हणाले होते, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे. ऑपरेशन झालं. मग म्हणाले, त्या चालायला लागू देत. त्या चालायला लागल्या. आता माझ्यासोबत दवाखान्यात येण्याइतक्या चालतात.

"किती दिवस घोंगडं भिजत ठेवशील गं?" भिंगबाई म्हणाली. "घोंगडं कुजायला लागलंय, त्याचा वास इथपर्यंत येतो."

"मला मूल हवंय," मी म्हणाले. हे माझं शेवटचं कारण होतं आणि तेच खरं होतं. "निघून गेले तर कुठून?"

"आणि राहिलीस तर?"

मी पुढची काच उचलली. तिच्यात काही नव्हतं. स्वच्छ होती. तरी मी ती बराच वेळ दिव्यासमोर धरून बसले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा सासूबाई जेवणाच्या टेबलावर भाजी चिरत बसल्या होत्या. मी पर्समधून दोन्ही पुड्या काढल्या.

"ही त्याची," मी म्हणाले. "ही मी माझ्याजवळ ठेवणार. त्याला माझ्यासमोर घ्यायची आहे."

त्यांनी पुडी उघडून आतली पट्टी डोळ्यांजवळ धरली, उलटी केली, सुलटी केली. मग हसल्या. अगदी मनापासून, काटकसर फळाला आल्यावर हसतात तशा.

"अगं, नवीन कशाला आणल्यास? ह्याच आहेत की घरात."

"कुठल्या?"

त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खोलीत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. झाकण घट्ट होतं. चमच्याच्या दांड्याने उचकटलं. वरच्या सगळ्या गोळ्या बाजूला सारून तळातून त्यांनी रबर लावलेला गठ्ठा काढला. त्याच रंगाच्या पट्ट्या. एका कडेच्या चार-दोन घरांचा चंदेरी कागद फाटलेला. बाकी सगळी घरं भरलेली, फुगलेली, शाबूत.

"ह्या कुणाच्या?" मी विचारलं. मला कळलं होतं. तरी विचारलं.

"त्याच्याच. दोन्ही वेळच्या. पहिल्यांदा दोन दिवस दिल्या, तर त्याला मळमळायला लागलं. त्याला कामावर शिडीवर चढायचं असतं, चक्कर आली म्हणजे? दुसऱ्या वेळी तर म्हणाला, आई, मला काय झालंय, ठेव तुझ्याकडे." त्यांनी पट्ट्या माझ्यापुढे सरकवल्या. "म्हटलं, वाया कशाला घालवा. तुझं दुखणं सारखं परततं. तुला लागतील."

तुला लागतील.

मी खुर्ची ओढली नाही, उभीच राहिले. त्या क्षणी मला जे झालं त्याला राग म्हणतात हे मला नंतर सुचलं. तेव्हा फक्त कानात दडा बसल्यासारखं झालं होतं. या बाईने माझं दुखणं जपून ठेवलं होतं. रबर लावून. माझ्याच भल्यासाठी.

"त्यानं तुम्हाला हे मला सांगायला सांगितलं होतं?"

"नाही बाई. उलट म्हणाला, तिला बोलू नकोस, उगाच डोकं खाईल."

म्हणजे त्याला माहीत होतं. दोन्ही वेळा. मी रोज घड्याळ लावून गोळ्या घेत होते, उलट्या येत असताना घेत होते, आणि तो पलंगाच्या दुसऱ्या कडेला पडून विचारायचा, "झाला का गं तुझा कोर्स?" मी विचारायचे, "तुझा?" तो म्हणायचा, "कधीचाच." त्या एका शब्दावर मी दिवा मालवायचे.

"आई, बसा," मी म्हणाले. "हे उष्णतेचं नाही."

"मग कशाचं?"

"हे नवऱ्याकडून बायकोला लागतं आणि बायकोकडून नवऱ्याला. एकानं औषध घेतलं आणि दुसऱ्यानं नाही, तर दुसऱ्याकडून पहिल्याला परत. म्हणून ते परततं. माझ्या अंगात काही फार नाही. त्याच्या अंगातलं माझ्या अंगात येतं."

त्यांच्या हातातली सुरी थांबली. "काहीतरीच काय बोलतेस! माझा मुलगा तसला नाही."

"तसला असो नसो. जंतूला तसला-असला कळत नाही. कधी आला, कुठून आला, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. गोळी घेतली असती तर गेला असता, एवढंच सगळ्यांना माहीत आहे."

"आणि तुझ्या पोटात..."

"सूज आहे. नळीला. दर वेळी व्रण वाढतो. तुमचा पाळणा तिथं अडलाय."

त्या पट्ट्यांकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे मी दोन्ही वेळा..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही केलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा आणखी राग आला.

तेवढ्यात तो आला. दारात बूट काढतानाच त्याला काहीतरी बिनसल्याचं कळलं असावं, कारण तो शीळ वाजवत आला आणि शीळ मध्येच तुटली. माझा नवरा गॅसच्या नळ्या जोडतो. त्याच्या कपड्यांना नेहमी साबणाचा वास येतो, कारण प्रत्येक जोडाला तो साबणाचा फेस लावतो आणि बुडबुडा येतो का ते बघत उकिडवा बसून राहतो. एका टोकाला बघितलं म्हणून दुसरं टोक सोडत नाही. लोक त्याचं नाव काढतात. म्हणतात, हा माणूस गेला की घरात निर्धास्त झोप लागते.

त्याने टेबलावरचा डबा बघितला. मग पट्ट्या. मग आईकडे.

"आई, सांगितलंस ना हिला?"

"मला काय माहीत?" सासूबाई म्हणाल्या. "तू म्हणालास, तिच्या पोटाचं औषध आहे, डॉक्टरनं उगाच मलाही दिलंय. तू मला असं म्हणालास."

"तू गप्प बस जरा." मग माझ्याकडे वळून, "परत झालं का?"

"परत केलंस," मी म्हणाले.

"हे बघ, मला काही होत नाही. जळजळ नाही, दुखणं नाही. उगाच निरोगी माणसानं कशाला विष खायचं?"

"तू एखाद्याच्या घरी जातोस, वास येत नाही म्हणून फेस न लावता परत येतोस?"

"ती गॅसची नळी आहे गं."

"हो. त्या नळीची तुला काळजी आहे."

तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की हसायचं नव्हतं. माणूस चिडायच्या आधी जसा आवाज खाली आणतो तसा आणून म्हणाला, "बरं मग, आता सांग. हे आलं कुठून? मी बाहेर जात नाही. तू रोज बाहेर जातेस."

सासूबाईंनी मान वर केली.

हा प्रश्न त्याने पहिल्या वेळी विचारला असता तर मी रडले असते, शपथा घेतल्या असत्या. दुसऱ्या वेळी भांडले असते. आता मला फक्त दिसत होतं की हा माणूस प्रश्न विचारत नाहीये, निसटायला दार शोधतोय.

"कुठून आलं ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "तुलाही नसेल. पहिल्या वेळी मी तुला विचारलंही नाही. दोघांनी औषध घेऊ, विषय संपवू, म्हणाले. आलं कुठून ते सोड. राहिलं कुणामुळे ते या डब्यात आहे."

"एवढं काय! चार गोळ्या..."

"मग येतोस उद्या दवाखान्यात, लघवी तपासायला?"

"दवाखान्यात?" त्याने आईकडे बघून आवाज आणखी खाली आणला. "बाटलीत लघवी घेऊन मी त्या रांगेत उभा राहू? अर्ध्या शहराचा गॅस मी जोडलाय. पहिलाच माणूस म्हणेल, काय मिस्त्री, काय झालं? त्याला काय सांगू?"

"सांग, बायकोला झालंय," मी म्हणाले. "नाहीतरी तेच सांगतोस."

"तोंड सांभाळून बोल."

"मी टेबलावर पाय वर करून पडते. तीनदा पडले. पडद्याला फट आहे. बाहेर तुझी आई बसते. मला विचारलंस कधी, तुला कसं वाटतं म्हणून?"

"अरे, घे ना मग गोळ्या!" सासूबाई एकदम ओरडल्या. त्यांना ओरडताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "घे म्हणते ना! तिच्या पोटाची नासाडी होतेय, आणि तुला त्या मिस्त्री म्हणणाऱ्याची पडलीये!"

दोघी एका बाजूला, हे त्याच्या हिशोबात कधी नव्हतं. मग त्याने खांदे उडवले, टेबलापाशी आला, रबर ओढून काढलं आणि जुन्या पट्टीतली एक गोळी अंगठ्याने बाहेर ढकलली. मी आणलेली त्याची नवी पुडी बाजूलाच होती. तिला हात लावला नाही. गोळी तोंडात टाकली, तांब्यातून वरून पाणी ओतलं, गिळली. आणि माझ्यासमोर वाकून तोंड उघडलं, जीभ वर केली, खाली केली, शाळेतल्या पोरासारखं.

"आऽऽ. बघ. गेली पोटात. झालं समाधान?"

मी बाजूच्या नव्या पुडीकडे बघितलं.

"घेईन आता रोज. आईसमोर घेईन, तुझ्यासमोर घेईन, चौकात उभा राहून घेईन." त्याला आता बरं वाटायला लागलं होतं. एक गोळी गिळून तो पार मोकळा झाला होता. "पण मग माझंही ऐकायचं. ते दर वेळचं जवळ येऊ नको, तीन महिने थांब, परत तपास, हे नाटक बंद. आईला या वर्षी नातवंड पाहिजे. औषध मी घेतोय ना? मग तू तुझं काम कर."

सासूबाई म्हणाल्या, "अरे, मी तसं..."

"असू दे आई. हिला कळतंय." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हलकेच. काम उरकल्यावर सिलेंडरवर थाप मारतात तसा.

मी तो हात उचलून खाली ठेवला. कानातला दडा गेला होता. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तो ऐकू येत होता. मी मोठ्याने बोलले नाही. मोठ्याने बोलायची मला गरज वाटली नाही.

"आई, तुम्हीही ऐका," मी म्हणाले. "मी ताईकडे राहायला जातेय. परत यायला नाही. मूल मला हवंय. ह्याच्यापासून नकोय."